आधी घोड्याच्या तारखा: मार्केटिंगची नोकरी आणि स्पर्धेची घोडेस्वारी यांचा मेळ

नव्या उत्पादनाच्या घोषणेची तारीख एका ईमेलने आठवडाभर पुढे जाते. घोड्याच्या पायातला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तसा कुणाच्या सांगण्यावरून लवकर तयार होत नाही. घोड्याचं हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत कामाला सरावतात, स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि टेंडन, सांधे व हाडं मजबूत व्हायला कित्येक महिने जातात. दम टिकतोय म्हणून घोडा तयार आहे असं वाटतं आणि नेमक्या त्याच काळात पाय जायबंदी होतात.

मार्केटिंगमधले स्वार वेळापत्रक बहुधा उलट्या बाजूने मांडतात. आधी कामाच्या तारखा लिहायच्या आणि उरलेल्या फटींत घोडा बसवायचा. महिना-दोन महिने ते निभतं. मग एक मोठी मोहीम येते, दहा दिवस घोडा नुसता ठाणावर उभा राहतो आणि अकराव्या दिवशी त्याच्याकडून स्पर्धेच्या तोडीचं काम मागितलं जातं. म्हणून इथली सगळी मांडणी एकाच गोष्टीवर उभी आहे: जे हलवता येत नाही ते आधी लिहायचं. घोड्याच्या तारखा हलत नाहीत. कामाच्या बऱ्याच हलतात, फक्त तसं वेळेवर सांगावं लागतं.

नोकरीला झेपेल असा प्रकार

शो जंपिंग, ड्रेसाज, इव्हेंटिंग आणि एन्ड्युरन्स हे चारही प्रकार बाहेरून सारखेच वेळखाऊ दिसतात, पण प्रत्येकाचा वेळ वेगळ्या ठिकाणी जातो.

ड्रेसाजला, म्हणजे रिंगणात ठरलेल्या हालचाली अचूक करून दाखवण्याच्या प्रकाराला, रोजचं थोडं पण नियमित काम लागतं. रिंगण ठरलेल्या मापाचं असतं, ६० बाय २० मीटर, सुरुवातीच्या पातळ्यांना ४० बाय २०. कुठली हालचाल कुठल्या अक्षराजवळ करायची हे आधीच छापलेलं असतं. त्यामुळे तयारीचा मोठा भाग घोड्यावर न बसताही होतो. कागदावर आयत काढून त्यात चाचणीचा रस्ता पेन्सिलने रोज दोनदा गिरवायचा. दुपारच्या दहा मिनिटांत हे सहज होतं.

शो जंपिंगला घोड्यावरचे तास जरा कमी चालतात, पण ते प्रशिक्षकाच्या नजरेखाली व्हावे लागतात, शिवाय अडथळे लावायला माणसं लागतात. हे वर्ग बहुतेक ठरलेल्या वेळी असतात, म्हणजे बैठक लांबली की वर्ग बुडालाच. एन्ड्युरन्समध्ये ८० ते १६० किलोमीटरच्या शर्यती असतात. मधल्या पशुवैद्यकीय थांब्यांवर घोड्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळात मिनिटाला साधारण ६४ पर्यंत खाली आले नाहीत तर बाहेर पडावं लागतं. त्यासाठी लांब पल्ल्याच्या रपेटी लागतात आणि त्या फक्त सुट्टीच्या दिवशी जमतात. इव्हेंटिंगमध्ये ड्रेसाज, क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातले पक्के अडथळे वेगाने पार करणं) आणि जंपिंग तिन्हींची तयारी एकत्र करायची असते. एकाच वेळी चार-पाच ग्राहक सांभाळणाऱ्या एजन्सीतल्या माणसाने इव्हेंटिंगपासून सुरुवात करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अर्धवट तयारीने क्रॉस-कंट्रीला उतरणं घोडा आणि स्वार दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

आयुष्यात पुढे प्रकार बदलताही येतो. जपानचे हिरोशी होकेत्सू १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शो जंपिंगमध्ये उतरले होते. मधली कित्येक वर्षं त्यांनी औषधक्षेत्रात नोकरी केली आणि २००८ मध्ये बीजिंगला व २०१२ मध्ये लंडनला ते ड्रेसाजमध्ये खेळले. लंडनला त्यांचं वय ७१ होतं. घोडेस्वारीत घाई न करणाऱ्यालाही फार लांबचा पल्ला मिळतो.

पन्नास मिनिटांच्या रपेटीचा खरा हिशेब

वर्ग पन्नास मिनिटांचा असला तरी कॅलेंडरमध्ये पन्नास मिनिटं अडवून भागत नाही. खरारा, खूर साफ करणं, पाय हाताने तपासणं आणि खोगीर चढवणं यांत २५ मिनिटं जातात. सुरुवातीची सैल लगामाची चाल १० मिनिटं, प्रत्यक्ष काम ३०, शेवटची चाल १०. मग खोगीर उतरवणं, अंग धुणं किंवा पुसणं, पुन्हा पाय बघणं आणि लगाम-खोगीर पुसून ठेवणं ही आणखी २५ मिनिटं. एकूण १००. मोतद्दार मदतीला असेल तर पहिली आणि शेवटची २५ मिनिटं निम्मी होतात, पण पाय तपासायचं काम स्वतःच करावं. गुडघ्याखालची किंचित गरम जागा रोज हात फिरवणाऱ्यालाच कळते.

समजा तबेला ते कार्यालय अंतर ४० मिनिटांचं आहे, आंघोळ आणि कपड्यांना २५ मिनिटं लागतात आणि पहिली बैठक साडेनऊला आहे. मग साडेसहाला तबेल्यात पोचलात तर आठ दहाला निघाल, आठ पन्नासला कार्यालयात पोचाल, सव्वानऊला तयार व्हाल आणि पंधरा मिनिटं हाताशी उरतील. पावणेसातला पोचलात तर हाताशी काहीच उरत नाही. ही पंधरा मिनिटं ठेवायचीच, कारण निसटलेला नाल, हट्टी घोडा आणि भरलेला रस्ता यांतलं काही ना काही आठवड्यातून एकदा होतंच.

वेळ कमी पडली तर मधल्या कामातून कापायची, दोन्ही टोकांच्या चालीतून नाही. रात्रभर ठाणावर उभ्या असलेल्या घोड्याचे सांधे आणि स्नायू आखडलेले असतात. पहिल्या दहा मिनिटांच्या चालीने ते सैल होतात. ती चाल वगळून थेट दुडकीला लागलं की घोडा पाठ ताठ करतो, लगामावर वजन टाकतो आणि पुढची वीस मिनिटं तेच सुधारण्यात जातात. तीस मिनिटंच असतील तर घोड्याला फक्त चालवून आणावं. तोही उपयोगी दिवस ठरतो.

या व्यवसायात संध्याकाळची रपेट सहसा टिकत नाही. ग्राहकांच्या मंजुऱ्या, शेवटच्या दुरुस्त्या आणि 'एकच छोटा बदल' असले निरोप दुपारी चारनंतरच येतात. सकाळ तुमच्या ताब्यात असते. ऊन तापलेलं नसतं, हे घोड्याच्याही सोयीचं.

वर्षाचं कॅलेंडर कसं भरायचं

एकाच पानावर वर्षाचे ५२ आठवडे मांडा आणि या क्रमाने भरा.

१. ज्या दोन किंवा तीन स्पर्धा खरंच महत्त्वाच्या आहेत त्या. नोकरी सांभाळून वर्षाला तीनपेक्षा जास्त 'मोठ्या' स्पर्धा ठरवू नयेत. बाकीच्या सरावासाठी असतात आणि त्या सोडून देता येतात.

२. प्रत्येक मोठ्या स्पर्धेपासून मागे १२ ते १४ आठवडे. पहिले चार आठवडे चाल आणि दुडकीचा पाया, पुढचे चार कँटर (दुडकीहून वेगवान चाल) व ताकदीचं काम, त्यानंतर प्रत्यक्ष प्रकाराचा सराव, आणि शेवटचा आठवडा हलका. आधीच कामात असलेल्या घोड्याला पहिला टप्पा छोटा चालतो. दुखापतीनंतर परतणाऱ्याला तो लांबच हवा.

३. नालबंदाच्या भेटी, दर ५ ते ६ आठवड्यांनी. मोठ्या स्पर्धेच्या ७ ते १० दिवस आधी एक भेट येईल अशी साखळी मागे मोजत लावा. आदल्या दिवशी नाल ठोकून घेतले आणि एखादा खिळा खुराच्या नाजूक भागाजवळ गेला तर घोडा स्पर्धेच्या सकाळीच लंगडतो. आठवडा हाताशी असला की हे लक्षात येतं आणि सुधारता येतं.

४. लसी. एफईआय या घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांना इन्फ्लुएन्झाची लस पोचण्याआधीच्या ७ दिवसांत दिलेली चालत नाही आणि शेवटची मात्रा ६ महिने २१ दिवसांपेक्षा जुनीही चालत नाही. राष्ट्रीय स्पर्धांचे नियम वेगळे असू शकतात, ते प्रवेशिकेसोबतच वाचून घ्या. लस टोचल्यावर दोन-तीन दिवस काम हलकं ठेवायचं, हेही पानावर लिहा.

५. दातांची तपासणी, सहा ते बारा महिन्यांनी. ती हंगामाच्या मध्यात नको. दात घासल्यावर लगामाची तोंडातली कडी घोड्याला काही दिवस वेगळी लागते.

६. हे सगळं झाल्यावर कामाच्या तारखा: मोहिमा, तिमाही अहवाल, विक्रीचा मोठा हंगाम, वार्षिक अंदाजपत्रक.

कामाच्या तारखा लिहिताना नुसतं 'मोहीम' लिहू नका. मोहिमेचे टप्पे वेगवेगळे लिहा, कारण प्रत्येक टप्पा रपेटीला वेगळ्या तऱ्हेने नडतो. आशय बनवण्याचा टप्पा कामाने भरगच्च असतो, पण त्याचा अंदाज असतो. सकाळी घोडा, दिवसभर काम, असं त्यात जमतं. मंजुरीच्या टप्प्यात काम थोडंच असतं, मात्र ते कधी येईल याचा नेम नसतो. घोड्याला खरी बाधा या दुसऱ्या टप्प्याची होते. घोषणेच्या दिवशीची धावपळ सगळ्यांनाच अपेक्षित असते. तिच्या आधीचा, 'आज उत्तर येईल' म्हणत पाच दिवस लांबणारा आठवडा तयारी मोडतो. मोठ्या स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे आणि मंजुरीचा टप्पा एकमेकांवर येत असतील, तर तिमाहीच्या सुरुवातीलाच वरिष्ठांशी बोला. त्या वेळी मोहिमेचं वेळापत्रकही कच्चंच असतं आणि मंजुरीची जबाबदारी सहकाऱ्याकडे द्यायला कुणाची हरकत नसते. तीच मागणी दहा दिवस आधी केली तर ती अडचण ठरते.

आठवडा, आणि 'सोमवारचा आजार'

नोकरी करणाऱ्या स्वाराने आठवड्याला चार रपेटी धराव्यात. बाकीचे दोन दिवस प्रशिक्षक किंवा भरवशाचा दुसरा स्वार आणि एक दिवस मोकळ्या आवारात सुट्टी. जंपिंगच्या घोड्याचा चालेल असा आठवडा: सोमवारी मोकळं फिरणं, मंगळवारी उड्यांविना सपाट काम, बुधवारी प्रशिक्षकाकडून लंजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं) किंवा जमिनीवर ठेवलेले बांबू, गुरुवारी उड्या, शुक्रवारी लांब चाल, शनिवारी सपाट काम, रविवारी बाहेरची रपेट आणि चढाचं काम. उड्या आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. एका वेळी २५ ते ३० उड्यांच्या वर जाऊ नये. त्यापुढे घोडा शिकत नाही, फक्त त्याचे पाय झिजतात.

कठोर कामानंतर घोड्याच्या स्नायूंतला साखरेचा साठा पूर्ववत व्हायला ४८ ते ७२ तास लागतात. माणसाला साधारण एका दिवसात जे जमतं त्याला घोडा दोन-तीन दिवस घेतो. म्हणून आठवडाभर कार्यालयात अडकून शनिवार-रविवारी 'भरपाई' करणं हा नोकरदार स्वाराच्या हातून होणारा सर्वांत घातक प्रकार आहे. शनिवारी जोरात उड्या आणि रविवारी त्यावर लांब कँटर झाला की थकलेले स्नायू धक्का शोषून घेत नाहीत आणि सगळा भार टेंडनवर येतो. हुकलेला सराव हुकला असं धरून पुढे जायचं. दोन-तीन दिवस काम चुकलं असेल तर पहिला दिवस चाल आणि हलकी दुडकी, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या कामाच्या साधारण दोन-तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ववत.

दाण्याचाही यात मोठा वाटा आहे. कामाच्या घोड्यांना रविवारी सुट्टी आणि चंदी मात्र पूर्ण मिळायची त्या काळात सोमवारी सकाळी कामाला जुंपताच त्यांचे मागचे पाय आखडत. यालाच सोमवारचा आजार हे नाव पडलं. आजही तोच प्रकार होतो, फक्त रविवारऐवजी तुमच्या तिमाही अहवालाचे तीन दिवस असतात. घोडा पावलं आखडती टाकतो, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे लागतात, घाम फुटतो, लघवी गडद होते. असं दिसलं की तिथेच थांबा, त्याला चालवत घरी नेऊ नका, पाठीवर पांघरूण टाका आणि पशुवैद्याला बोलवा. टाळायचं असेल तर काम थांबणार हे कळताच आदल्या संध्याकाळपासून चंदी निम्म्यावर आणा आणि वैरण तशीच ठेवा किंवा वाढवा. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला किमान साडेसात किलो कोरडी वैरण मिळायला हवी. उभं राहायचं असलं तरी जास्तीत जास्त वेळ मोकळ्या आवारात.

तबेल्यातल्या माणसांसाठी एक पान

एजन्सीला किंवा छायाचित्रकाराला तुम्ही लेखी ब्रीफ देता. तबेल्यात मात्र सगळं तोंडी चालतं. हीच सवय इथे आणा. घोड्याच्या ठाणाजवळ एक पान लावा. त्यावर वैरण-चंदीचं वजन (डब्यांत नव्हे, किलोत), आठवड्याचं काम, औषधं, नालबंदाची पुढची तारीख, आणि त्या घोड्याचे स्वतःचे विश्रांतीचे आकडे. प्रौढ घोड्याचे ठोके विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असतात. मात्र तुमच्या घोड्याचे ठोके नेहमी ३२ असतील तर त्याच्यासाठी ४४ ही धोक्याची सूचना ठरते. दहा दिवस एकाच वेळी मोजून त्याची सरासरी पानावर लिहा.

खरा प्रश्न पोटशूळाच्या वेळी येतो. घोडा सारखा पोटाकडे बघतोय, पाय आपटतोय, लोळतोय, आणि तुम्ही दोन तासांच्या सादरीकरणात फोन बंद करून बसला आहात. तोवर थांबायला वेळ नसतो. म्हणून तबेल्याच्या प्रमुखाला लेखी अधिकार द्या: पशुवैद्याला लगेच बोलवावं, कुठल्या खर्चापर्यंत न विचारता उपचार व्हावेत, मोठ्या रुग्णालयात न्यायची वेळ आली तर न्यायचं की नाही, शस्त्रक्रियेला संमती आहे की नाही. शेवटचा प्रश्न शांत डोक्याने आधीच सोडवून ठेवा. फोनमध्ये दोनच क्रमांक आवाज बंद असतानाही वाजतील असे ठेवा, तबेला आणि पशुवैद्य. सहकाऱ्यांना याची कल्पना असू द्या, म्हणजे बैठकीतून उठलात तर कुणाला गैर वाटणार नाही.

स्पर्धेला निघण्याआधी कामाची आवराआवर

रजा गुरुवारपासून असेल तर मंगळवारी संध्याकाळी हात थांबवा. चालू जाहिरातींत मंगळवारनंतर मोठा बदल नाही. डिजिटल जाहिरात व्यवस्थांना शिकण्याचा एक टप्पा असतो. मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्राम) जाहिरातींत तो साधारण आठवडाभरात ५० अपेक्षित कृती मिळाल्यावर पूर्ण होतो. अंदाजपत्रक, लक्ष्यगट किंवा चित्रात मोठा बदल केला की तो नव्याने सुरू होतो आणि दोन-तीन दिवस खर्च वर-खाली होतो. बुधवारी रात्री असा बदल केलात तर शुक्रवारी, तुम्ही सरावाच्या रिंगणात असताना, आकड्यांनी घाबरलेला ग्राहक फोन करणार. नवी जाहिरात तपासणीतून मंजूर व्हायलाही एक दिवस धरा.

जबाबदारी सोपवताना ज्या गोष्टी नेहमी राहून जातात त्या पाहा. खात्यावर दुसरा पूर्ण अधिकाराचा माणूस हवा. नाहीतर प्रवेशाचा सांकेतिक आकडा तुमच्या फोनवर येतो, फोन खोगिरांच्या खोलीत असतो आणि कार्यालयात सगळे अडकून बसतात. रोजच्या खर्चाला व्यवस्थेतच वरची मर्यादा घाला. आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट कुठे थांबवायच्या हे एका ओळीत लिहून द्या. अचानक वाईट बातमी आली तर आनंदी सुरातली जाहिरात तासभर चालू राहणंही कंपनीला महाग पडतं. आणि 'काही लागलं तर फोन करा' असं मोघम सांगू नका. 'संध्याकाळी सहा ते साडेसहा मी फोनवर आहे, त्याआधीचा निर्णय अमुक घेईल,' असं सांगा. वेळ ठरवून दिली की लोक बरंचसं स्वतःच सोडवतात.

स्पर्धेचा दिवस

उतरण्याचा क्रम बहुधा आदल्या संध्याकाळी जाहीर होतो आणि त्यातही पुढे-मागे होतं. त्यामुळे 'माझी फेरी अकराला आहे, साडेअकराच्या बैठकीला जोडला जातो,' असा शब्द कधीही देऊ नका. तुमच्या वेळेआधी दोन तास आणि नंतर दीड तास पूर्ण घोड्याचे.

जंपिंगमध्ये मार्ग पायी फिरायला मिळतो तो वेळ थोडा असतो, आणि त्या वेळी डोकं कामाने भरलेलं असलं तर फेरी बिघडते. घोड्याचा एक स्ट्राइड, म्हणजे कँटरमधली एक झेप, साधारण ३.६५ मीटरचा असतो. आपली ९० सेंटिमीटरची चार पावलं म्हणजे एक स्ट्राइड. पहिल्या अडथळ्याच्या मागून दोन पावलं उतरण्याची, पुढच्याच्या आधी दोन पावलं उडी घेण्याची, आणि मधली चारने भागायची. दोन अडथळ्यांत २४ पावलं भरली तर चार वजा करून २०, म्हणजे पाच स्ट्राइड. १२ भरली तर दोन. ९० सेंटिमीटरचं पाऊल अंगात बसावं म्हणून जमिनीवर खुणा करून ते आधी घटवावं लागतं. कार्यालयाची लांब मार्गिका याला उत्तम. एकेका खाली पडलेल्या बांबूला ४ दंडगुण असतात. दहा-बारा अडथळे दीड मिनिटाच्या आत संपतात, आणि मघाशी वाचलेल्या ईमेलचा अर्धा सेकंदाचा विचार वळणावर उशिरा नजर उचलायला पुरेसा असतो. म्हणून मार्ग बघायला निघण्याआधी फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा, खिशात ठेवू नये.

सरावाच्या रिंगणात आठ ते बारा उड्या पुरे. अस्वस्थ स्वार वीस मारतो आणि घोड्याची चांगली फेरी तिथेच खर्च करतो.

फेरीनंतर आधी खोगिराचा तंग एक-दोन घरं सैल करा, उतरा, चालवा. गरम दिवशी अंगावर थंड पाणी सलग ओतत राहा. प्रत्येक वेळी निथळवून काढण्यात वेळ घालवायची गरज नाही, सतत पडणाऱ्या थंड पाण्याने उष्णता जास्त वेगाने निघते. पाणी प्यायला द्या, तेही लगेच. श्वास पूर्ववत झाला आणि पायांना हात लावून झाला की मग फोन.

खुर्चीतून खोगिरात

दिवसाचे आठ तास बसल्याने मांडीच्या पुढच्या, कमरेशी जोडलेल्या स्नायूंची लांबी कमी होते. खोगिरात याचा परिणाम थेट दिसतो: गुडघा वर सरकतो, टाच उचलली जाते, कंबर पुढे कलते, आणि मांड सुटायला लागली की हात लगामाचा आधार शोधतात. घोड्याच्या तोंडावर येणारी ओढ पुष्कळदा इथे जन्मते. प्रशिक्षक वर्षभर 'टाच खाली' ओरडतो, पण दोष कमरेत असतो. एक गुडघा जमिनीवर टेकून पुढे झुकण्याचा ताण दोन्ही बाजूंना ४५ सेकंद, दिवसातून दोनदा. एका पायावर उभं राहून अर्धं बसणं, आठ-आठ वेळा. प्लँक ३० सेकंदांचे तीन. दर ४५ मिनिटांनी खुर्चीतून उठणं. सहा आठवड्यांत खोगिरात बसण्यात फरक जाणवू लागतो.

पडल्यावर डोकं आपटलं तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर नाही आणि गाडीही चालवायची नाही. पहिल्या दोन दिवसांत पडद्यासमोरचा वेळ कमीत कमी. इथे मार्केटिंगच्या माणसाची अडचण होते, कारण त्याचं सगळं काम पडद्यावर चालतं, आणि 'नुसते ईमेल बघतो' म्हणत डोकेदुखी दोन आठवडे लांबते. वैद्यकीय रजा घ्या. घोड्यावर परतणं पायरी-पायरीने आणि डॉक्टरांच्या परवानगीने. आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या, आतला थर एकदाच दबतो. नवं घेताना व्हीजी१, पास ०१५ किंवा एएसटीएम एफ११६३ यांपैकी मानकाची खूण बघा.

प्रायोजक आणि तुमचा पेशा

मार्केटिंगमधल्या स्वाराला प्रायोजक कसा मिळवायचा हे शिकवावं लागत नाही. धोका वेगळीकडे असतो. ज्या ब्रँडचं काम तुमची कंपनी करते त्याच्याकडून किंवा त्याच्या स्पर्धकाकडून खोगीर, कपडे, खाद्य घेतलंत तर हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो. भेट स्वीकारण्याआधी कंपनीला लेखी कळवा. काही राष्ट्रीय संघटनांच्या नियमांत पैसे किंवा साहित्य घेऊन प्रसिद्धी केली तर हौशी गटातली पात्रता जाते, तेही आधी बघा. स्पर्धेच्या कपड्यांवर आणि खोगिराखालच्या कापडावर नाव किती आकाराचं चालतं याचे नियम असतात. प्रायोजकाला जागा विकण्याआधी ते वाचा. घोडा दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर त्याच्या छायाचित्रांसाठी मालकाची लेखी परवानगी घ्या. पोस्टवर सशुल्क सहकार्याची खूण न विसरता लावा.

छायाचित्र टाकण्याआधी घोड्याकडे बघा, स्वतःकडे नाही. तोंड उघडं ताणलेलं आहे का? नाकपट्टा घट्ट दिसतोय का? नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत हा जुना नियम आहे, आणि २०२५ पासून एफईआयच्या स्पर्धांत ते ठरलेल्या मापाने तपासतात. हेल्मेटचा पट्टा लावलेला आहे का? यातलं एकही उत्तर खटकलं तर ते छायाचित्र टाकू नका आणि दुसऱ्या दिवशी नाकपट्टा एक घर सैल करा.

माघार कधी घ्यायची

माघारीचा निर्णय स्पर्धेच्या आठवड्यातल्या बुधवारी घ्यायचा. प्रवेशशुल्क परत मिळण्याची मुदत गेली असली तरीही. मागच्या २१ दिवसांत ठरलेल्या कामाच्या दोन-तृतीयांशहून कमी झालं, मागच्या पंधरवड्यात एकाही वर्गात स्पर्धेच्या उंचीची फेरी स्वच्छ झाली नाही, कडक जमिनीवर दुडकीत वळताना पाऊल असमान पडतंय, किंवा तुम्ही स्वतः चार रात्री पाच तासांपेक्षा कमी झोपला आहात: यांतलं एक असेल तर खालच्या उंचीच्या वर्गात नाव बदला. दोन असतील तर माघार. पाऊल असमान पडत असेल तर इतर काही बघायचंच नाही, थेट पशुवैद्याला फोन करा आणि आयोजकांना कळवा. मोकळ्या झालेल्या शनिवारी घोड्याला अर्धा तास हाताने चालवा आणि कॅलेंडरच्या पानावर पुढच्या स्पर्धेपासून मागे आठवडे मोजायला बसा.